नाक मुरडण्यापूर्वी

वाकडं नाक सरळ करण्याच्या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे दोन मतं छातीठोकपणे मांडली जातात. पहिलं मत घरातल्या वडीलधाऱ्यांचं, अधूनमधून एखाद्या स्तंभलेखकाचं आणि विम्याचे दावे तपासणाऱ्यांचं: श्वास अडतो हे नुसतं निमित्त, खरा डोळा आरशावर आणि लग्नाच्या फोटोंवर आहे. दुसरं मत तपासणीच्या खोलीत ऐकू येतं: सीटी स्कॅनमध्ये पडदा वाकडा दिसतोय, ऑपरेशन करून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी. ही मतं एकमेकांच्या उलट वाटतात, पण त्यांची खोड एकच आहे. दोन्हीकडे निकाल लागतो तो नाक कसं दिसतं यावरून. एकजण बाहेरून बघतो, दुसरा यंत्रातून. त्या नाकातून हवा किती जाते आणि माणसाला त्याचा त्रास किती होतो, हे विचारायची तसदी दोघंही घेत नाहीत. आणि नेमक्या त्याच प्रश्नाचं बऱ्यापैकी भक्कम उत्तर गेल्या काही वर्षांत हाती आलं आहे. ते हौसेचा आरोप खोडून काढतं, शिवाय सरसकट चिरफाडीच्या उत्साहालाही लगाम घालतं. माझा मुख्य वाद पहिल्या मताशी आहे, कारण त्याच्या धाकाने खरोखर गुदमरणारा माणूस गप्प बसतो. दुसऱ्याचा हिशेब पुढे होईलच.

आधी वाकडं असतं ते नेमकं काय, ते पाहू. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा असतो, मागचा पातळ हाडांचा. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं सर्रास म्हटलं जातं, पण वाढलेलं बहुधा काही नसतं; पडदा एका अंगाला कललेला असतो, किंवा लहानपणी कधी आपटून मोडलेला आणि तसाच जुळलेला असतो. नाकपुडीतून आत शिरल्यावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर, जिथे बाजूची कूर्चा पडद्याला येऊन मिळते, तिथे साऱ्या श्वासमार्गातली सर्वांत अरुंद जागा लागते. तिला नाकाची झडप म्हणतात. तिथला कोन असतो जेमतेम १० ते १५ अंशांचा. नाकापासून फुप्फुसांपर्यंतच्या वाटेवर हवेला जो अडथळा होतो त्यातला साधारण निम्मा एकट्या नाकात होतो, आणि त्यातलाही बराचसा या झडपेपाशी. वाट थोडी अरुंद झाली की अडथळा थोडा वाढून थांबत नाही. गुळगुळीत नळीची त्रिज्या निम्मी केली तर तो सोळापट होतो. नाक काही गुळगुळीत नळी नव्हे, तरी गणिताचा कल तोच. म्हणून झडपेपाशी एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची तिरपाई माणसाला बेजार करू शकते, आणि खोल मागे असलेला मोठा काट्यासारखा उंचवटा जन्मभर कुणाच्या लक्षातही येत नाही. स्कॅनच्या चित्रात मात्र तो मागचा उंचवटाच ठसठशीत दिसतो आणि रिपोर्टच्या पहिल्या ओळीत जाऊन बसतो.

पडदा वाकडा असणं हाच आजार धरला तर बहुतेक माणसं आजारी ठरतील. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर ग्रे यांनी १९७८ साली दोन हजारांहून अधिक प्रौढ कवट्यांची पाहणी प्रसिद्ध केली. पडदा सरळ असलेल्या कवट्या त्यात सुमारे एक-पंचमांश निघाल्या. उरलेले चार-पंचमांश लोक हयातभर तोंड उघडं टाकून फिरत होते असं कुणी म्हणणार नाही. त्यातून, निरोगी नाकाच्याही दोन बाजू एकसारख्या वाहत नाहीत. दर काही तासांनी एका बाजूचं अस्तर फुगतं आणि दुसरीकडचं ओसरतं. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टराने १८९५ मध्ये या चक्राचं वैद्यकीय वर्णन केलं. आपल्याकडच्या स्वरशास्त्राला चंद्रस्वर-सूर्यस्वराची अदलाबदल त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. तेव्हा ‘कधी डावी बंद, कधी उजवी’ अशी तक्रार असेल तर संशय अस्तरावर, म्हणजे बहुधा अ‍ॅलर्जीवर घ्यायचा. ‘बारा महिने उजवीच बंद’ असं असेल तर रचनेकडे बघायचं. हे ताडून पाहायला मोठ्या यंत्राची गरज नसते. थंड स्टीलची पट्टी नाकपुड्यांखाली धरली की उच्छ्वासाच्या वाफेचे दोन ठसे उमटतात; एक तळव्याएवढा पसरतो आणि दुसरा बोटाच्या पेराएवढा राहतो, तेव्हा पहिली खूण मिळते. गाल बाजूला ताणून धरल्यावर श्वास झटकन मोकळा झाला, तर दोष झडपेच्या आसपास असण्याची शक्यता वाढते. नाकात अस्तर आकसवणारे थेंब घातले आणि तेवढ्याने रान मोकळं झालं, तर पडद्यावर सुरी चालवायचं कारण फारसं उरत नाही. दहा मिनिटांत होणारी ही तपासणी वगळून थेट स्कॅनच्या फिल्मवर बोट ठेवलं जातं, तेव्हा ऑपरेशनबद्दलचा अविश्वास आपण होऊन ओढवून घेतला जातो.

आता पुराव्याकडे. हे ऑपरेशन शंभरएक वर्षं होत आलं, पण औषधोपचारांपेक्षा ते सरस आहे का, याची चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांवर नीट परीक्षा होत नव्हती. हौसेचा आरोप करणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर ही पोकळी खरी होती, आणि ती शल्यविशारदांनीच इतकी वर्षं राहू दिली. नेदरलँड्समधल्या १८ रुग्णालयांनी २०३ प्रौढ रुग्णांवर केलेली चाचणी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. एका गटाचा पडदा ऑपरेशनने सरळ केला, दुसऱ्याला शस्त्रक्रियेविना उपचार दिले. वर्षभराने आरोग्याच्या स्थितीच्या १०० गुणांच्या मापावर ऑपरेशनवाल्यांची सरासरी ७२.२ आली, दुसऱ्या गटाची ६३.९. मग २०२३ मध्ये ‘बीएमजे’त ब्रिटनमधली मोठी चाचणी आली: १७ केंद्रं, ३७८ प्रौढ. इथे औषधांच्या गटाला सहा महिने मिठाच्या पाण्याचा फवारा आणि स्टिरॉइडचा फवारा दिला होता, म्हणजे एरवी नाकाच्या डॉक्टरकडे मिळतात तेच उपचार. मोजमाप नाकाच्या तक्रारींच्या बावीस प्रश्नांचं, कमाल गुण ११०, आणि गुण जितके कमी तितकं बरं. सहा महिन्यांनी फवाऱ्यांचा गट सरासरी ३९.५ वर होता, ऑपरेशनचा गट १९.९ वर. या मापावर नऊएक गुणांचा फरक रुग्णाला स्वतःला जाणवतो असं मानतात. इथे फरक सुमारे वीस गुणांचा आहे. या निष्कर्षांतली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच: ज्यांचा त्रास सुरुवातीला जास्त होता, त्यांना फायदाही जास्त झाला. केवळ आरशासाठी आलेल्या माणसांची ही गर्दी असती, तर श्वासाच्या तक्रारीची तीव्रता आणि श्वासाचा फायदा यांची अशी सांगड बसली नसती.

फायद्याबरोबर किंमतही सांगायला हवी. ब्रिटिश चाचणीत ऑपरेशन झालेल्यांपैकी ४ टक्के लोकांना रक्तस्राव झाल्याने पुन्हा दाखल व्हावं लागलं आणि १२ टक्क्यांना जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक द्यावी लागली. डच चाचणीत एका रुग्णाच्या पडद्यात पू झाला, दोघांच्या पडद्याला भोक पडलं. हे आकडे हलके नाहीत. मोकळ्या श्वासासाठी घेण्याजोगी जोखीम आहे, असं मला वाटतं. नुसतं रिपोर्टमध्ये ‘पडदा वाकडा’ लिहिलंय म्हणून घेण्याजोगी मुळीच नाही.

चाणाक्ष विरोधक इथे एक खरा मुद्दा काढेल. दोन्ही चाचण्यांत आपल्यावर ऑपरेशन झालंय हे रुग्णाला माहीत होतं, आणि मोजलं गेलं ते मुख्यतः रुग्णानेच सांगितलेलं. भूल, नाकात बसवलेल्या पट्ट्या, घरी आठवडाभर आराम, एवढं सगळं सोसल्यावर ‘काही फरक नाही’ असं कोण म्हणेल? आक्षेप रास्त आहे. मनाच्या समजुतीचा वाटा या वीस गुणांत थोडाफार असणारच. पण निव्वळ समजुतीने आलेला आराम दीर्घकाळ टिकेलच असं नाही. डच रुग्णांचा फरक दोन वर्षांच्या पाठपुराव्यातही टिकून होता. शिवाय फवाऱ्याच्या गटालाही उपचार मिळतच होते, डॉक्टर भेटत होते, आशा दाखवली जात होती. आणि ‘रुग्ण सांगतो ते काय मोजमाप?’ हा प्रश्न नाकाच्या बाबतीत वाटतो तितका बिनतोड नाही. नाक मोकळं असल्याची जाणीव मेंदूला मुख्यतः अस्तर किती गार झालं यावरून होते. मेंथॉल हुंगल्यावर नाक एकदम उघडल्यासारखं वाटतं, यंत्र लावून पाहिलं तर अडथळा जिथल्या तिथे. म्हणजे यंत्राचा आकडा आणि माणसाचा त्रास यांची फारकत दोन्ही दिशांनी होऊ शकते. माणूस ऑपरेशनला येतो तो त्रासापायी, तेव्हा त्रास मोजणं हाच मुख्य हिशेब. हवेचा प्रवाह मोजून त्याला जोड द्यावी.

यानंतरचा आक्षेप जास्त घरगुती आणि म्हणूनच जास्त चिवट असतो: इतकी वर्षं चाललंच ना? चालतं, खरं आहे. माणूस तोंडाने श्वास घेऊन जगतो. पण ‘चालणं’ म्हणजे काय, ते जवळून बघावं. रात्री दोन-तीनदा घसा कोरडा पडून जाग येते. उशाशी पाण्याची बाटली असते आणि तिच्या शेजारी नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची चिमुकली बाटली. ती औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते आणि तिच्यावरच ‘काही दिवसांपेक्षा जास्त वापरू नका’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे हे थेंब आठवड्यापलीकडे सतत वापरले तर असर उतरला की अस्तर पहिल्यापेक्षा जास्त फुगतं, म्हणून पुन्हा थेंब, आणि मग हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. ऑपरेशन म्हणजे ‘उगाच शरीराशी खेळ’ म्हणणाऱ्या घरातच असा खेळ रोज रात्री बिनबोभाट चाललेला असतो. नाकाचं काम हवा आत ओढण्यापुरतं नाही. दिवसाकाठी दहा हजार लिटरच्या आसपास हवा ते गाळतं, ऊब देतं, दमट करतं. हे काम तोंडाला जमत नाही. तेव्हा ‘चालतंय’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘सवय झालीय’ इतकाच असतो.

जलनेती आणि प्राणायाम सुचवणाऱ्यांना मी हसणार नाही. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं हा अ‍ॅलर्जी आणि चिकट शेंबडावरचा चांगला, स्वस्त उपाय आहे. नाकाचे डॉक्टरही तो सुचवतात. ज्याचा त्रास अस्तराचा आहे त्याने आधी तोच करावा, सोबत स्टिरॉइडचा फवारा नियमाने वापरावा आणि सुरीचं नाव काही महिने काढू नये. पण वाकलेली कूर्चा पाण्याने सरळ होत नाही, आणि बंद नाकपुडीतून अनुलोम-विलोम करायला सांगणं म्हणजे कुलूपबंद दारावर थापा मारत बसणं. ब्रिटिश चाचणीतल्या औषधांच्या गटाला मिठाचं पाणीच दिलेलं होतं, स्टिरॉइडची जोड देऊन, सहा महिने. त्यातून काय साधलं ते वर आलंच आहे.

‘हाड पुन्हा वाढतं, मग ऑपरेशन कशाला?’ हा आणखी एक सार्वत्रिक समज. अनुभवाने तो पक्का झालेला असतो: अमुकाने ऑपरेशन केलं, दोन वर्षांत नाक पुन्हा बंद. यामागची कारणं समजून घेतली की समज कुठे चुकतो ते कळतं. प्रौढ माणसाचा पडदा कापल्यावर झाडासारखा फुटून येत नाही. काही जणांची अ‍ॅलर्जी ऑपरेशनआधी होती आणि नंतरही राहते. पडदा सरळ झाला तरी धुळीने अस्तर फुगायचं ते फुगतंच. काहींच्या बाबतीत पडद्याचा मागचा भाग सरळ केला जातो आणि झडपेपाशी असलेला पुढचा तिरपेपणा राहून जातो. आणि कूर्चेला स्वतःचा ताण असतो. तिच्या एका बाजूला चीर दिली की ती दुसऱ्या बाजूला वाकते. हा ताण नीट मोडला नाही तर ती सावकाश मूळ वळणावर येऊ बघते. म्हणजे ‘पुन्हा वाढलं’ ही तक्रार बहुतेकदा चुकीच्या निदानाची किंवा अपुऱ्या कामाची असते.

या ऑपरेशनची बदनामी ज्यामुळे झाली तो इतिहासही दडवू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रायबर्गमधले किलियन आणि शिकागोचे फ्रीअर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत पडद्याचा मोठा तुकडा काढूनच टाकत. वाट मोकळी व्हायची, पण आधार जायचा: काही नाकं मधेच बसून खोगिरासारखी व्हायची, काही पडद्यांना भोकं पडायची, काही पडदे नुसत्या अस्तराचे उरून श्वासाबरोबर फडफडायचे. शतकाच्या मध्यावर शिकागोच्याच मॉरिस कॉटल यांनी काढण्यापेक्षा राखण्यावर भर देणारी रीत पुढे नेली. आजचं ऑपरेशन त्या वंशातलं. चीर नाकाच्या आतून, पडद्याच्या पुढच्या कडेशी. मग बोथट, चपट्या हत्याराने अस्तर कूर्चेपासून सोडवत न्यायचं. नेमक्या थरात गेलं की खाली मोत्यासारखी निळसर पांढरी कूर्चा दिसते आणि रक्त फारसं येत नाही, थर चुकला की अस्तर फाटतं आणि पुढे भोक पडण्याची बीजं तिथेच रोवली जातात. वाकडा भाग काढायचा, सरळ करायचा किंवा सरळ करून परत बसवायचा. पण वरच्या कडेला आणि पुढच्या कडेला निदान सेंटिमीटरभर रुंदीची काटकोनी पट्टी राखायची, कारण नाकाचा कणा आणि शेंडा तिच्यावर पेललेले असतात. टाके आतल्या आत. बाहेरून खूण नाही. पूर्वी नाकात गच्च गॉज भरत आणि ते ओढून काढण्याच्या आठवणी लोक वर्षानुवर्षं सांगत; आता बऱ्याच ठिकाणी नुसते टाके किंवा सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांवर भागतं.

आता हौसेच्या आरोपाच्या गाभ्याशी येऊ. नुसता आतला पडदा सरळ करून घेतला तर टीकाकार फार बोलत नाहीत. नाक बाहेरूनही वाकडं असलं आणि तेही सरळ होणार म्हटलं, की भुवया उंचावतात. जणू बाहेरचं नाक वेगळं आणि श्वासाचं वेगळं. शरीररचनेत असा फाळणीचा करार नाही. नाकाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात हाडं, मधे बाजूच्या कूर्चा, खाली शेंड्याच्या कूर्चा. मधला आणि खालचा भाग पडद्याच्या आधारावर उभा असतो. पडदा वरच्या कडेला वाकडा असेल तर नाकाचा दांडा वाकडा दिसणार, आणि तीच वरची कड झडपेची एक भिंत आहे. क्रिकेटचा चेंडू लागून किंवा दुचाकीवरून पडून हाडं एका बाजूला सरकली असतील तर ती मधल्या कूर्चांना आणि पडद्यालाही सोबत ओढतात. बाहेरचा सांगाडा तसाच ठेवून आतला पडदा सरळ करायला जावं तर तो सरळ राहायला जागाच मिळत नाही. याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकी शल्यविशारद जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या कलमाचा आहे. रुग्णाच्याच पडद्यातून कूर्चेच्या काडीएवढ्या लांबट पट्ट्या काढून नाकाच्या दांड्याखाली, पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्या मधे बसवायच्या. त्याने झडपेचा कोन रुंदावतो, म्हणजे श्वास सुधारतो. आणि तीच पट्टी वाकड्या दांड्याला सरळ रेषेत धरते, म्हणजे दिसणं सुधारतं. त्या पट्टीचा कुठला मिलिमीटर हौसेचा आणि कुठला गरजेचा, हे टीकाकारांनी सांगावं.

या कलमाची गरज का पडली, तेही बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचे जॉन रो आणि बर्लिनचे जाक जोसेफ यांच्यापासून सुंदर नाकाच्या शस्त्रक्रियेची नवी परंपरा सुरू झाली. तिच्यात पुढची कित्येक दशकं भर होता तो कमी करण्यावर: उंचवटा तासा, रुंदी घटवा, शेंडा बारीक करा. त्यातल्या कितीतरी नाकांचा मधला भाग नंतर आत बसला, झडप मिटली आणि देखण्या नाकाचे धनी तोंडाने श्वास घेऊ लागले. शीन यांनी आपली पट्टी मुळात अशाच नाकांच्या दुरुस्तीसाठी वापरली. नाकापेक्षा मोती जड झाल्याचे हे परिणाम. श्वासाकडे न बघता रूपाला हात घातला की काय होतं, हा धडा शस्त्रक्रियेने स्वतःच्या चुकांतून घेतला. आता रूपाला हात न लावता श्वास दुरुस्त करा, असा उलटा हट्ट धरणारे तीच फाळणी दुसऱ्या बाजूने करतात.

आणि समजा, एखाद्या रुग्णाला श्वासाबरोबर नाक सरळ दिसावं असंही वाटलं, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? नाक घडवण्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेच्या इतिहासातलं एक गाजलेलं पान पुण्याजवळ लिहिलं गेलं. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. हा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट छापून आला, आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कावसजीला नाक हवं होतं ते श्वासासाठी की चेहऱ्यासाठी, असा प्रश्न त्या कारागिराने विचारला असेल असं वाटत नाही. कापलेलं नाक आणि वाकडं नाक यांत अंतर आहे, हे उघड आहे. पण लोकांसमोर उभं राहायला बरं वाटावं ही इच्छा पहिल्या बाबतीत प्रतिष्ठा आणि दुसऱ्या बाबतीत थिल्लरपणा ठरवायची, तर ती रेषा कुठे ओढायची हे ठरवणाऱ्याने सांगायला हवं. आरोप करणारे ते कधीच सांगत नाहीत.

या फाळणीची आर्थिक किंमत विम्यात मोजावी लागते. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या कलमानुसार सौंदर्यविषयक किंवा प्लास्टिक सर्जरी विम्यातून वगळता येते. अपवाद अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, आणि तब्येतीला प्रत्यक्ष व तातडीचा धोका दूर करण्यासाठी लागणाऱ्या उपचारांचा. सौंदर्याच्या हौसेचा खर्च सर्व विमाधारकांनी का सोसावा, हा प्रश्न योग्यच आहे. पण बंद नाक हा ‘तातडीचा’ धोका नसतो. तो वीस वर्षं झोप खाणारा त्रास असतो. म्हणून कागदावर नुसत्या पडद्याचं ऑपरेशन लिहिलं तर प्रतीक्षाकाळ संपल्यावर दावा मंजूर व्हायची आशा. बाहेरचा सांगाडाही दुरुस्त होणार असं प्रामाणिकपणे लिहिलं तर तो सौंदर्याच्या खात्यात जाण्याची धास्ती. मग काही ठिकाणी अर्धं काम होतं आणि नाक पुन्हा बंद होतं, काही ठिकाणी पूर्ण काम होतं आणि कागद अर्धाच बोलतो. दोन्ही वाईट. बाहेरचा दांडा वाकडा असल्याने झडप बंद आहे, औषधांचा नीट प्रयत्न करूनही तक्रार कायम आहे, हे तपासणीतून दाखवता येत असेल तर संपूर्ण दुरुस्ती उपचारांत धरावी आणि त्यावर जे निव्वळ रूपासाठी केलं, उदाहरणार्थ शेंडा टोकदार करणं, त्याचा खर्च रुग्णाने स्वतः सोसावा. असा हिशेब अवघड नाही; मात्र तो करणाऱ्याने फोटो बाजूला ठेवून तपासणीचा कागद वाचायला हवा.

उरला तो दुसरा पक्ष, म्हणजे ऑपरेशनचा बाजार मांडणारे. हौसेच्या आरोपाला सर्वांत जास्त खतपाणी तेच घालतात. वाकडा पडदा सरळ केला की घोरणं जाईल, डोकेदुखी जाईल, सायनस कायमचा बरा होईल, असा सगळा संच एकदम विकला जातो. झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार नुसत्या पडद्याच्या ऑपरेशनने सहसा बरा होत नाही. फार तर मास्क लावून झोपणं सुसह्य होतं. डोकेदुखीची कारणं बहुतेकदा दुसरीकडेच असतात. ‘मांस वाढलंय’ म्हणून नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे वळसे सढळ हाताने कापण्याचे दुष्परिणाम तर भयंकर असू शकतात: नाक आतून ऐसपैस रिकामं आणि तरीही श्वास पुरत नाही अशी भावना, कारण हवा गार झाल्याची जाणीव करून देणारं अस्तरच गेलेलं असतं. मेयो क्लिनिकमध्ये १९९४ च्या सुमारास या अवस्थेला ‘रिकामं नाक’ असं नाव मिळालं. आणि वाढत्या वयातल्या मुलांच्या पडद्याला हात घालताना तर दुप्पट सावध राहावं, कारण नाकाची वाढ बरीचशी त्या कूर्चेवर अवलंबून असते.

हा बाजार आणि खरी गरज यांतला फरक रुग्णाला कसा कळावा? यासाठी २००४ पासून एक साधा कागद उपलब्ध आहे. पाच प्रश्न: नाक चोंदल्यासारखं वाटतं का, नाक बंद असतं का, नाकाने श्वास घ्यायला त्रास होतो का, झोप लागायला त्रास होतो का, व्यायाम किंवा श्रम करताना नाकातून हवा अपुरी पडते का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरजेला पाचाने गुणून शंभरापैकी आकडा. भरायला दोन मिनिटं लागतात, खर्च शून्य, आणि हे प्रश्न मराठीत विचारायला अडचण काहीच नाही. ऑपरेशनआधी एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा असे दोन कागद प्रत्येक रुग्णाच्या फायलीत लागले, तर विमा कंपनीला निकष मिळेल, घरच्यांना उत्तर मिळेल आणि कोणत्या रुग्णालयात किती नाकं खरोखर मोकळी झाली याचाही पत्ता लागेल. ही शेवटची गोष्ट उघड होईल म्हणूनच की काय, भिंतीवर आधीच्या-नंतरच्या नाकांचे मोठाले फोटो लावणाऱ्या रुग्णालयांत हे दोन कागद शोधूनही सापडत नाहीत.